न मागितलेलं फडकं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता कुणालाच सांगता येणार नाही. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठाने वसलेलं तीस-चाळीस घरांचं गाव होतं ते. लहानांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त लक्ष देऊन ऐका, कारण यातली चूक मोठ्या माणसाची आहे.

या गावात दोर वळणारा एक माणूस आपल्या बायकोला घेऊन राहायला आला. अंबाडी ओढ्यात भिजत घालायची, बडवायची, तिचा वाख, म्हणजे धागे, सोडवायचा आणि त्याचे दोर वळायचे, हा त्याचा धंदा. गुरांची दावी, बैलांचे कासरे, पोहऱ्याचे दोर, सगळं तो करायचा. एक टोक तो धरायचा, दुसऱ्या टोकाला बायको पीळ द्यायची. दोघांचेही तळहात सोललेले असायचे. त्याचे दोर फार टिकाऊ होते आणि हीच त्याची अडचण होती, कारण एकदा दोर नेलेलं गिऱ्हाईक वर्ष-वर्ष परत येत नसे. पोटापुरतं मिळायचं, कधी तेवढंही नाही. दाराशी एक दुभती शेळी होती म्हणून बरं चाललं होतं.

दुसऱ्या वर्षी बायकोला दिवस गेले.

माणसाला आनंद झाला आणि आनंदाच्या पाठोपाठ धसका बसला. पहिलंच मूल. घरात वडीलधारं कुणी नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरचं कुणी यायचं, पण बायकोला माहेर राहिलं नव्हतं. मामाने वाढवली होती आणि लग्न लावून दिल्यावर मामाने हात झटकले होते. म्हणजे जे काही करायचं ते या दोघांनीच, आणि तेही होतं त्यातच.

आता त्या गावची एक रीत सांगतो, ती नीट ध्यानात घ्या. गावात कुणाचं पहिलं मूल व्हायचं असलं, की सातव्या महिन्यात ती बाई रिकामं सूप घेऊन घरोघर जायची. दारात उभी राहून म्हणायची, "लेकरासाठी फडकं द्या." मग त्या घरची बाई एखाद्या विरलेल्या लुगड्याचा तुकडा फाडून सुपात घालायची, वर पसाभर धान्य टाकायची आणि तिला कुंकू लावायची. श्रीमंताच्या घरचीही जायची, गरिबाच्या घरचीही जायची. त्या तुकड्यांची गोधडी शिवायची, आणि बाळ जन्मलं की त्यात गुंडाळायचं.

ही झाली दिसणारी रीत. तिची न दिसणारी बाजू अशी होती, की ज्या घराने फडकं दिलं त्या घरची बाई त्या बाळंतपणाला बांधली जायची. कळा सुरू झाल्या की एकीने पाणी तापवायचं, एकीने शेक द्यायचा, एकीने रांधायचं. आईला दूध आलं नाही तर जिच्या अंगावर दूध असेल तिने पाजायचं. बारशापर्यंत ते घर सगळ्यांचं. आणि जिच्या सुपात आपलं फडकं पडलं नाही, तिच्या बाळंतघरात पाऊल टाकायचं नाही. न बोलावता तिथे गेलं तर आई आणि लेकरू दोघांनाही बाधतं, अशी त्या बायकांची समजूत होती. सुईणीला तेवढी ही अट नव्हती.

ही दुसरी बाजू दोर वळणाऱ्याला कुणी सांगितली नाही. गावात जन्मलेल्यांना ती माहीतच असायची, आणि जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी कुणाला सांगत बसत नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की आपल्या बायकोने दारोदार जाऊन चिंध्या मागायच्या.

त्याला चिंध्यांचा राग होता. लहानपणी बाप वारल्यावर आईने लोकांच्या टाकलेल्या कपड्यांतून त्याला वाढवलं होतं. ओढ्यावर पोरं त्याला 'चिंध्या' म्हणूनच हाक मारायची, आणि कुणाच्या अंगावरचा सदरा याच्या अंगावर आला हे मोठ्याने ओळखून हसायची. माणूस थोराड झाला, मिशी आली, तरी ती हाक त्याच्या कानातून गेली नाही. मी त्याला हसणार नाही. तुमच्या-माझ्या कानातही असलं काहीतरी असतंच.

सातवा लागला तशी बायकोने सूप झाडून ठेवलं. त्याने ते उचलून आढ्याजवळच्या फळीवर टाकलं.

"अहो, मी जाते की," ती म्हणाली. "मला नाही लाज वाटत."

"मला वाटते," तो म्हणाला. "माझं लेकरू कोऱ्या कापडात निजेल. कुणाच्या उतरलेल्या लुगड्यात नाही."

गावची म्हातारी सुईण ओढ्यावर जाता-येता थांबायची, बायकोच्या पोटाला हात लावून बघायची. तिच्या कानावर हे गेलं तशी ती मुद्दाम आली. "बाबा, फडकं म्हणजे नुसतं फडकं नसतं रे," ती सांगू लागली. "तिला हिंडू दे घरोघर. गावाला तिचं तोंड बघू दे. त्याचं असं आहे..."

"आमचं आम्ही बघू, आजी," तो म्हणाला आणि दोराला पीळ द्यायला लागला. म्हातारी तशीच परत फिरली. तिचंही चुकलंच. वाक्य पुरं करूनच जायला हवं होतं तिने. पण मानी माणसाच्या दारात कुणी फार वेळ उभं राहत नाही.

मग त्याने तयारी सुरू केली. पहाटे उठून जास्तीचे दोर वळले, ते डोक्यावर घेऊन दोन कोसांवरच्या बाजाराला गेला. तेवढ्याने भागेना तसं घरात काटकसर आली. आधी गूळ बंद झाला, मग तेल, मग संध्याकाळची भाकरी अर्ध्यावर आली. तो स्वतःही उपाशी राहायचा, हे खरं आहे. पण त्याच्या पोटात दुसरा जीव नव्हता. बायको आपली भाकरी त्याच्या ताटात सरकवायची आणि भूक नाही म्हणून सांगायची, आणि तोही ते खरं मानायचा, कारण खरं मानणं सोयीचं होतं.

शेवटी त्याने शेळी विकली. तिच्या पैशांतून पांढरंशुभ्र कोरं कापड आलं, आणि सुताराकडून रंगीत पाळणा आला. पाळण्याच्या चारी कोपऱ्यांना लाकडी पोपट होते. त्याला लागणारा दोर मात्र त्याने स्वतः वळला, आणि तसा सुरेख दोर त्याने आयुष्यात वळला नव्हता. पाळणा त्याने ओसरीवर टांगला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

बायका ओढ्यावर जाताना थांबून पाळणा बघायच्या. छान आहे म्हणायच्या. घरी जाऊन सांगायच्या, की त्यांना कशाला कमी नाही, त्यांनी सगळं केलंय. दोर वळणाऱ्याच्या कानावर हे आलं तेव्हा त्याची छाती फुगली. घरात तूप नव्हतं, डिंक नव्हता, जळण दोन दिवसांचं होतं, बाळंतिणीला घालायला मूठभर मेथ्यासुद्धा नव्हत्या. पण ते ओसरीवरून दिसत नव्हतं.

पौषात कडाक्याची थंडी पडली. आठवा महिना सरला नव्हता. एका सकाळी पाण्याची घागर उचलताना बायको खाली बसली ती उठेचना.

तो सुईणीकडे धावला. म्हातारी पलीकडच्या वाडीत एका बाळंतपणाला गेली होती. वाडीला जाणाऱ्या एका गुराख्याजवळ निरोप देऊन तो परत फिरला, आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. त्या घरी सासू-सून होत्या. सुनेचं मूल तीन महिन्यांचं होतं. त्याने सांगितलं तशी सून मूल खाली ठेवून उठली. सासूने तिचा हात धरला.

"आमचं फडकं तुमच्या सुपात नाही, भाऊ," सासू म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. बिनफडक्याचं आम्ही आलो आणि वाईट झालं तर त्याचं पाप कुणाच्या माथी, असं ती विचारत राहिली. तिने त्याला गोवरीवर निखारे दिले, जळणाचा एक भारा दिला, पण उंबरा ओलांडला नाही. पुढच्या घरी तेच झालं. त्याच्या पुढच्या घरीही तेच. तेव्हा कुठे त्या माणसाला रिवाजाची दुसरी बाजू कळली. भर सकाळी, निखारे हातात घेऊन, रस्त्याच्या मधोमध.

त्या बायका दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. पण शहाण्या होत्या असंही म्हणणार नाही. दारात माणूस मदत मागतोय आणि आपण रीत आठवतोय, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

सुईण दुपारी धापा टाकत पोचली तेव्हा मुलगी झालेली होती. दोर वळणाऱ्याने जमेल तसं सगळं केलं होतं. मुलगी जिवंत होती, पण एवढीशी, आणि गार. त्याने तिला कोऱ्या कापडात गुंडाळलं होतं. खळ न गेलेलं ते कडक कापड तिच्या अंगाला लागत नव्हतं, नुसतं भोवती उभं राहत होतं. म्हातारीने ते ओढून बाजूला केलं, पोरीला आपल्या पोटाशी लुगड्यात घेतलं आणि चुलीपुढे बसली. बायकोच्या छातीला लावून बघितलं. दूध नव्हतं. महिनाभर अर्ध्या भाकरीवर काढलेल्या अंगात दूध कुठून येणार?

"शेळीचं दूध दे थोडं," म्हातारी म्हणाली.

त्याची नजर दाराशी, शेळीच्या रिकाम्या खुंट्याकडे गेली. मग म्हातारीला आठवलं, आणि तिने तोंड फिरवलं.

तो पुन्हा शेजारच्या दारात गेला. या वेळी तो गुडघ्यांवर बसला, आणि दोन्ही हात पसरून त्याने दूध मागितलं. ज्याला आयुष्यभर मागायची लाज वाटली, तो माणूस आता रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसेल असा बसला होता. सासूने पुन्हा सुनेचा हात धरला. फडकं न देता दुसऱ्याच्या लेकराला पाजलं तर आपल्या लेकराचं दूध आटतं, असं तिने तिच्या सासूकडून ऐकलं होतं. तिचं हे पहिलंच नातवंड. ती रडत होती आणि सुनेला सोडत नव्हती. सून तिच्याकडे बघत राहिली, आपल्या मुलाकडे बघत राहिली. त्यात किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. शेवटी तिने सासूचा हात झिडकारला आणि पदर खोचून धावत सुटली.

तिने मुलीला छातीशी धरलं. तोंडात दुधाचा थेंब सोडला. पण चोखायचं बळ त्या जिवात राहिलं नव्हतं. थेंब ओठांवरून हनुवटीवर आला. सुईणीने पुसला. पुन्हा थेंब, पुन्हा पुसणं. दिवस मावळायच्या आत मुलगी गेली.

बातमी घरोघर गेली. आणि आता काय झालं ते ऐका.

सगळं गाव आलं. मरणाच्या घरी जायला त्या गावात आमंत्रण लागत नव्हतं, फडकंही लागत नव्हतं. कुणी भाकऱ्या आणल्या, कुणी पिठलं आणलं. कुणी जळणाचा भारा आणून टाकला. कुणी तूप आणलं, बाळंतीण अशक्त असेल म्हणून. एकीने आपल्या घरची मऊ गोधडी आणून बायकोच्या अंगावर घातली. सासू आली आणि बायकोचे पाय चेपत बसली. एक म्हातारा तांब्याभर शेळीचं दूध घेऊन आला आणि ते कुणाला द्यावं हे न कळून दारातच थांबला. दुपारी एकेका वस्तूवाचून अडलेलं ते घर संध्याकाळी माणसांनी आणि वस्तूंनी भरून गेलं, आणि त्यातल्या कशाचाच आता उपयोग नव्हता.

दोर वळणारा कोपऱ्यात बसला होता. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याचा बांध फुटला. "आले सगळे," तो हुंदके देत बायकोला म्हणाला. "आता आले. दुपारी हे सगळे कुठे होते?"

बायकोने हळूच मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"ते त्यांच्या घरी होते," ती म्हणाली. "यांना बोलवायलाच ते सूप होतं. तुम्ही ते वर टाकलंत."

तो माणूस पुढे पुष्कळ वर्षं जगला. पुष्कळ दोर वळले त्याने. बायकोही त्याच्याबरोबर राहिली, दुसऱ्या टोकाला बसून पीळ देत राहिली. पण तिचं हे वाक्य मरेपर्यंत त्याच्या कानातून गेलं नाही.

म्हणून सांगतो: येणाऱ्या जिवासाठी वस्तूंच्या आधी माणसं जोडावीत, आणि त्यासाठी हात पसरावा लागला तर तो वेळेवर पसरावा.