बोलक्या कड्याची सारजा

कोकणातून वर येणारी मिठाची जुनी वाट पाथरखिंडीच्या अलीकडे फाटते. डावीकडची वाट खिंडीत आणि तिथून धनगरांच्या चार घरांच्या वाडीत जाते. उजवीकडची गवतातून सरळ दरीच्या काठावर जाऊन संपते. दरीपलीकडे काळा उभा कडा आहे. त्याला बोलका कडा म्हणतात, कारण फाट्यावरून काहीही ओरडलं की तो तेच शब्द परत देतो, आणि इतके स्वच्छ देतो की पलीकडे माणूसच उभा आहे असं वाटावं. फाट्याच्या वरच्या अंगाला, खडकाच्या आडोशाला, बसून बसून गुळगुळीत झालेला एक दगड आहे. तो सारजेचा ओटा. धुक्यात फाट्याशी आलेला माणूस वाट विचारत नाही. तो ‘सारजेऽ’ अशी हाक मारतो आणि ओ येईपर्यंत जागचा हलत नाही.

पाहुण्यांना ही गोष्ट सांगण्याचं काम वाडीतल्या गेनूआबा ढेब्यांकडे आपसूक आलं होतं. त्यांची बायको सारजा होती. नावानं आणि कामानंही. चाळीस वर्षं आबांनी गोष्ट सांगितली आणि तिनं ओ दिली. गेल्या भादव्यात ती गेली. आबा गोष्ट सांगत राहिले.

या भादव्यात मधुरा आणि तिचा भाऊ तेजस अशी दोघं आली. तेजस खाली रानातच रेंगाळला. सात वर्षांनी कारवी फुलली होती आणि त्याला फोटो काढायचे होते.

“धुई उतरली तर भलतंसलतं वरडू नका,” आबांनी त्याला सवयीनं बजावलं. “फाट्यावर हुबं राहायचं आन्‌ सारजेला हाक मारायची.”

“सारजा कोण, आजोबा? गर्लफ्रेंड का तुमची?”

“बायकू,” आबा म्हणाले. “हुती.”

तेजस ओशाळला आणि कॅमेऱ्यात डोकं घालून बसला.

मधुरा आबांबरोबर वर आली आणि ओट्याजवळच्या खडकावर टेकली. दहा पावलांवर, वाडीपासून सुटं असं, आबांचं घर होतं. दारात त्यांची सून मंदा सहा महिन्यांची लेक मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. आबांनी गोष्टीला सुरुवात केली.

फार मागे, ही वाट मिठाच्या बैलांनी वाहत होती तेव्हा, खिंडीत एक वाटाड्या राहत असे. सारजा ही त्याची बायको. एकदा भादव्यात हरबा शेटे नावाच्या व्यापाऱ्याचा साठ बैलांचा तांडा तो वर आणत होता. धुकं इतकं दाट, की पुढच्या बैलाची शेपटी दिसेना. एक बैल चुकला. वाटाड्या त्याला शोधायला मागे राहिला. तांडा फाट्यावरून डावीकडे निघून गेला, आणि म्हणे, थोड्या वेळानं मागून हाक आली, “हाय का कुनी?” तांड्यातून कोणी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं ते कड्यानं. “हाय का कुनी?” माणसांचाच आवाज समजून वाटाड्या त्या दिशेनं चालत गेला. दरीत तो तिसऱ्या दिवशी सापडला. बैल आधीच घरी आला होता.

सारजा रडली किती हे कोणी सांगत नाही. तिनं काय केलं ते सांगतात. तिनं खिंडीतलं घर मोडलं आणि फाट्यावर खोपट घातलं. मग ती सात दिवस तिथल्या एकेका खडकावर उभी राहून ओरडून पाहत होती. लोकांना वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली. ती जागा शोधत होती. आठव्या दिवशी तिला हा दगड सापडला. इथून मारलेली हाक खाली रानापर्यंत जाते, पण मध्ये खडक असल्यामुळे कड्याला लागत नाही. कडा इथलं काहीच परत देत नाही.

“म्हंजी बघा,” आबा म्हणाले, “खालचा मानूस ‘सारजे’ म्हनला, तर कडाबी ‘सारजे’ म्हननार. पन ‘ओ’ काय त्याला म्हनता यायचं न्हाई. ‘ओ’ आली तर ती मानसाचीच.”

मधुरानं मान वर केली. “किती हुशार बाई होती.”

“पोळली हुती,” आबा म्हणाले.

तिनं शपथ घेतली, की जिवात जीव आहे तोवर या वाटेवरची एकही हाक ओ दिल्यावाचून जाऊ देणार नाही. वाटसरूंना तिचं नाव पाठ झालं. दोन वर्षं गेली. तिसऱ्या भादव्यात खालून हाक आली, “सारजेऽ.” तिनं आवाज ओळखला. हरबा शेट्यांचा होता.

ती गप्प बसली. दुसऱ्यांदा हाक आली. कड्यानं ती परत दिली. सारजा गप्पच. मग तिला घुंगरं ऐकू आली. बैल उजवीकडे वळत होते. असे सांगतात, की ती स्वतःशीच म्हणाली, बैलांनी काय केलंय? आणि तिसऱ्या हाकेला तिनं ओ दिली.

तांडा ओट्याशी आला. हरबा शेट्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

इथे गेनूआबा थांबले. वर्षभरात ते दर वेळी इथेच थांबत आणि पुढचं एक वाक्य गाळून टाकत. आज कशानं कोण जाणे, त्यांनी ते गाळलं नाही.

“हरबा शेट म्हनला, ‘बाई, तुझ्या दाल्ल्याची हाक मी ऐकली हुती.’”

“आणि ती?”

“ती म्हनली, ‘ठावं हाय. बैलं दमल्यात, पानी दावा त्यांना.’”

मग शेट्यांनी विचारलं म्हणे, की तुला काय देऊ? ती म्हणाली, मी काही जन्माला पुरायची नाही. माझ्यामागं ओ कोण देणार? तुझ्या घरात पोरगी झाली तर माझं नाव ठेव, आणि नावाला जागेल अशी वाढव. शेट्यांना त्याच साली मुलगी झाली. तिचं नाव सारजा ठेवलं. त्यांचं बघून तांड्यातल्यांनी ठेवलं, मग वाटेवरच्या गावांनी. खिंडीत कोणी ना कोणी सारजा सून म्हणून येत राहिली आणि ओट्यावर बसत राहिली.

“माझ्या आजाच्या टायमाला पानवठ्यावर ‘सारजे’ म्हनलं तर सात बाया माना वळवायच्या,” आबा म्हणाले. “मग टेकावरली सारजा, चिंचंखालची सारजा, बोबडी सारजा. बोबडी लई गोड वो द्यायची.”

“नावाचा अर्थ काय पण?”

“साळंतलं गुरुजी म्हनत, शारदा. त्यांनी हजेरीत शारदाच लिवलं समद्यांना. आमी म्हंतो, सारजा म्हंजी वो देनारी.”

पुढचं आबांनी थोडक्यात सांगितलं. पलीकडून डांबरी रस्ता झाला. मीठ ट्रकनं जाऊ लागलं. हाका कमी झाल्या, पण नावाची सवय राहिली, आणि रिकाम्या सवयीला लोकांनी दुसरा अर्थ लावला. घरादारात राबणाऱ्या, कोणीही हाक मारावी आणि जिनं धावावं अशा बाईला ‘गावाची सारजा’ म्हणू लागले. टोमणाच तो. मग कोणती आई लेकीला ते नाव ठेवील? शारदा आल्या, सारिका आल्या, पुढे टीव्हीतली नावं आली. आता सबंध वाटेवर एकही सारजा उरली नव्हती, आणि ओटा वर्षभर रिकामा होता.

“हिचं नाव काय?” मधुरानं मंदाच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहून विचारलं.

“आरवी,” मंदा म्हणाली. सुपातली नजर तिनं वर उचलली नाही.

बारशाच्या दिवशी आबांनी सारजा हे नाव सुचवलं होतं. मंदानं आवाज न चढवता उत्तर दिलं होतं, “मामंजी, आत्याबाईंनी जलमभर अख्ख्या जगाला वो दिली. त्यांच्या हाकेला कुनी दिली?” आबांनी पुन्हा विषय काढला नव्हता. मंदा ते रागानं बोलली होती. तिला ठाऊक काहीच नव्हतं. सारजा गेली त्या दिवशी मंदा ओढ्यावर होती. सारजा तापानं घरात पडली होती आणि आबा याच जागी सहा पाहुण्यांना गोष्ट सांगत होते. घरातून बारीक आवाज आला होता, “अवं.” आबांनी तो ऐकला होता. एवढी गोष्ट संपवून जाऊ, असं त्यांना वाटलं होतं. गोष्ट संपली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आबा घरात गेले तेव्हा सारजा बोलण्यापलीकडे गेली होती.

“मग आजोबा, आता ओ कोण देतं?”

धुकं उतरलं होतं. आधी कडा गेला, मग फाटा, मग मधुराच्या पायाखालचं गवत. घर दहा पावलांवर असून मंदाचं नुसतं सूप दिसत होतं.

आणि खालून हाक आली. “सारजेऽ.”

कड्यानं ती परत दिली.

मधुरा उठून ओरडणार तेवढ्यात आबांनी तिचा दंड धरला. “तिथनं नगं, पोरी. तुझा आवाज कडा घील. तुझा भाऊ कड्याकडं जाईल.”

मंदा उठून ओट्यापासून चार पावलांवर येऊन उभी राहिली होती. बाळाला छातीशी धरून ती ओट्याकडे पाहत होती. ओट्यावर बाई बसायची आणि बाईच ओ द्यायची, ही रीत होती. पुरुषानं बाईच्या नावाला ओ देणं म्हणजे हसू. मंदा एक पाऊल पुढे आली, थांबली. तिच्या मनात काय होतं ते आबांना दिसत होतं: आज ओट्यावर बसलं, की जन्माचं बसलं.

दुसरी हाक आली. ती पहिलीपेक्षा लांबून आणि उजव्या अंगानं आली.

“तू ऱ्हा तितं,” आबा सुनेला म्हणाले.

ते ओट्यावर बसले. इतक्या वर्षांत ते त्याच्या शेजारी बसले होते, त्यावर कधीच नाही. तिसऱ्या हाकेची त्यांनी वाट पाहिली नाही. “ओऽ,” ते म्हणाले, आणि मग श्वास भरून, दरी ऐकेल असं, “ओऽऽ.”

कडा गप्प राहिला. खाली दगड घरंगळल्याचा आवाज झाला. आबा थांबून थांबून ओ देत राहिले. बऱ्याच वेळानं डाव्या वाटेच्या गवतात काहीतरी सळसळलं आणि धुक्यातून तेजस बाहेर आला. त्याचे गुडघे चिखलानं भरले होते. मधुरानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग ती रडली.

“मला वाटलं, कोणी बाई ओ देईल,” तेजस म्हणाला. “पुरुषाचा आवाज ऐकून मी थबकलो जरा.”

“आजीच्या हाकंला वो द्याला उशीर झाला,” आबा म्हणाले. मग ते म्हणाले, “मला झाला.”

मंदानं हे ऐकलं. तिनं सासऱ्याकडे पाहिलं आणि ती चूल पेटवायला गेली. चहा झाला तेव्हा पहिला कप तिनं ओट्यावर आणून दिला, पाहुण्यांना नंतर. मुलीचं नाव आरवीच राहिलं. आबांनी ते बदलायला सांगितलं नाही.

आजही भादव्यात पाथरखिंडीच्या फाट्यावर धुकं उतरलं, की वाटसरू सारजेला हाक मारतात. आधी कडा त्यांची हाक त्यांनाच परत देतो. त्यावर चालू लागायचं नाही. उभं राहायचं. वरून ओ येते, ती एका म्हाताऱ्या पुरुषाच्या घोगऱ्या आवाजात येते. नवखे लोक हसतात, पण वाट डावीकडेच वळते.