बुजवलेला झरोका

डोंगरावरच्या एका गावात, जिथे थंडी दिवाळीची वाट न पाहता येते, एक हरहुन्नरी माणूस राहत होता. सुतार आणि गवंडी त्याच्या दारावरून नुसता राम राम करून पुढे जात. घरात मोडलेलं सगळं तो स्वतःच, हाताशी असेल त्या वस्तूने नीट करी. डुगडुगत्या पाटाला पाचर, गळक्या घागरीला राळ, करकरणाऱ्या दाराला तेलाची चिंधी. गाव त्याला वाखाणी, आणि तोही गावाला फारसा अडवत नसे.

त्याची बायको बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून त्याने खोली नीट करायला घेतली. दाराच्या फटींना गोणपाटाच्या पट्ट्या ठोकल्या, खिडकीच्या चौकटीत कापूस कोंबला. मग आढ्याखालच्या झरोक्याकडे पाहून म्हणाला, "बाबांनी घर बांधताना हे भगदाड का ठेवलं, देव जाणे. बुजवायचा कंटाळा, दुसरं काय!" भुसा कालवलेल्या चिखलाने त्याने झरोका लिंपला आणि वरून चुना मारला. कुठे होता ते शोधूनही सापडेना.

रीतीप्रमाणे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आली. खोली दुलईसारखी उबदार झाली. शेजारणी येऊन भिंतींवरून हात फिरवून गेल्या.

त्याच्या धाकट्या भावाचं नुकतंच लग्न झालं होतं. ही धाकटी सून फारशी बोलत नसे. शेगडीत निखारे घालायचं काम तिच्याकडे आलं. खोलीत गेलं की तिचं डोकं जड होई, अंगणात आलं की उतरे. आणि बाळ रडत नव्हतं.

"किती गुणी पोर!" सासू म्हणाली. "गाल तर बघा, कसे लाल!"

"खोली कुणी केलीय!" थोरला म्हणाला.

बाळंतीण नुसती झोपून असे. जाग आली की म्हणे, "डोकं ठणकतंय गं," आणि पुन्हा डोळे मिटी.

"आत्याबाई," धाकटीने भांडी घासता घासता विचारलं, "झरोका जरा मोकळा करूया का? आत जीव कोंडल्यासारखा होतो."

"तुझा की तिचा?" सासू म्हणाली. "बाळंतीण कधी जवळून पाहिलीस का गं? उद्या वारं लागलं तर तुझ्या माहेरचे येणारेत निस्तरायला?"

"सूनबाईंना आमच्या भिंती पसंत नाहीत वाटतं!" थोरला म्हणाला.

सगळे हसले. धाकटीही हसली, कारण अशा वेळी नव्या सुनेने हसायचं असतं. पुन्हा सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण तीच गोष्ट दोनदा सांगणारी सून भांडखोर ठरते. तिने शेगडीत निखारे घातले आणि दार ओढून घेतलं, पट्टी नीट बसेपर्यंत.

सकाळी ती गरम पाणी घेऊन आत गेली. हाक मारली. दोघींपैकी कुणीच हललं नाही. पाणी तिथेच सांडलं. बाळाला उचलून तिने अंगणात सासूच्या पदरात दिलं, मग जावेला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. थंड हवेत बाळंतीण ओकली, धापा टाकू लागली, वाचली. बाळाचे गाल अजून लालच होते. अंग मात्र गार झालं होतं. बारसं व्हायचं होतं. टाहो फोडायला त्या आईजवळ लेकीचं नावही नव्हतं.

थोरला खोलीत शिरून भिंती चाचपू लागला. "वारं शिरलं," तो पुटपुटला. "माझ्याकडून फट राहिली कुठेतरी." आणि चिखल कालवायला घमेलं मागू लागला.

तेव्हा धाकटीने पहार उचलली. चुन्याखाली झरोका कुठे आहे, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

"अगं, काय करतेस!" सासू ओरडली. धाकटी थांबली नाही. लिंपण ढासळलं, उजेड आत आला आणि निखाऱ्यांची कोंडलेली विषारी हवा बाहेर पडू लागली.

थोरल्याने हातातलं घमेलं खाली ठेवलं. मग त्याने हळूच विचारलं, "तुला कळलं होतं?"

"शंका होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते," ती म्हणाली. "एकदा."

तात्पर्य एवढंच: ज्या भोकाचं काम आपल्याला ठाऊक नाही, ते बुजवू नये. आणि ज्याला धोका दिसतो त्याने एकदा सांगून गप्प बसू नये. ऐकेपर्यंत सांगावं, लोक हसले तरी.