परीच्या पंखांना इस्त्री

अगं थांब ना, आत्ता बागेत काय झालं ते आधी ऐक!

बागेच्या फाटकाशी श्रीपतमामा इस्त्रीची गाडी लावतात ना? त्यांची ती नऊ वर्षांची लेक बकुळ, पायांत दोन वेगळ्या चपला, पण गालांवर गुलाबी गुलाबी हसू. आज ते हसूच गायब. आपल्या सोसायटीतले टिपणीसकाका म्हणत होते, माझं जरीचं उपरणं यांनी ढापलं, संध्याकाळपर्यंत गाडी हलवा.

बकुळ रडत कर्दळीच्या झाडांमागे गेली. तिथे पानावर एवढीश्शी परी, अंगठ्याएवढी! पाण्याच्या फवाऱ्याखाली सापडली होती बिचारी. तिचे निळे-सोनेरी पंख पार चुरगळलेले. बकुळने काय करावं? गाडीवरची इस्त्री हळूच आणली आणि रेशमाला करतात तशी, वर रुमाल टाकून हलक्या हाताने इस्त्री केली. पंख झुळझुळ झुळझुळ चमकायला लागले.

"माग काहीही," परी म्हणाली.

"माणसं आतून कशी असतात, ते दिसू दे."

परीने तिला चमचमणारा दवाचा थेंब दिला. अट एकच. त्यातून दिसेल ते चारचौघांत बोलायचं नाही. बोललं, की परीचे पंख पुन्हा चुरगळणार, कायमचे.

बकुळने थेंबातून मामांकडे बघितलं. आत मंद केशरी निखारा, शांत. मग काकांकडे. आत नुसत्या घड्याच घड्या, आणि सगळ्यांत खालच्या घडीत ते उपरणं! सकाळीच त्यांच्या कपाटात सापडलं होतं. पण एवढा तमाशा केल्यावर चुकलो म्हणायचं कसं?

भोवती अख्खी सोसायटी जमलेली. एक वाक्य, आणि बाबा सुटले असते. पण पंख?

बकुळने काकांना हात धरून बाजूला नेलं आणि कानात म्हणाली, "काका, सुरकुती कडक झाली तरी निघते. थोडं पाणी मारायचं फक्त."

काकांचे डोळेच भरून आले गं. घरी गेले, उपरणं घेऊन आले आणि सगळ्यांसमोर मामांना हात जोडले. "श्रीपतराव, चूक माझी. गाडी इथेच राहील."

कर्दळीवर लख्ख सोनेरी उजेड पडला, आणि परी त्यातच विरघळली. आणि मामांच्या इस्त्रीतला निखारा आता काही केल्या विझतच नाहीये, जाऊन बघ.

माणसं वाईट नसतात गं, चुरगळलेली असतात. पण खरं सांग, तू असतीस तर कानात बोलली असतीस, की सगळ्यांसमोर?