चावडीवर विचारलेला प्रश्न

एका पाटाच्या काठी एक गाव होतं. पाटाचं पाणी कोणत्या शेताला किती वेळ सोडायचं, हे तिथला पाटकरी ठरवी. त्याची नजर गेली, तेव्हापासून दोन वर्षं त्याची बायको साळूबाई हे काम करत होती. एकाही शेतातलं पीक वाळलं नव्हतं. तरी गावात कुजबुज सुरू झाली, "बाईमाणसाला हे झेपायचं का?"

निवाडा करायला राजाने गंगाधरपंडितांना पाठवलं. पंडित स्त्री-पुरुषांच्या स्वभावावर मोठा ग्रंथ लिहीत होते. माणूस प्रामाणिक, पण बसल्या जागेवरून हलायचा कंटाळा. चावडीवर गादी होती, सावली होती. परीक्षा तिथेच घेतली. पाच पुरुष बोलावले आणि साळूबाई धरून पाच बायका. सगळ्यांना एकच प्रश्न: "पाणी एका शेतापुरतं आहे आणि मागणारे दोघे. काय कराल?"

आता त्या गावची रीत अशी, की चावडीसमोर बाईने वहाणा हातात घ्यायच्या, पदर डोक्यावर ओढायचा आणि मान वर करायची नाही. वर सासरे, दीर, सगळी भावकी बसलेली! पुरुष ऐटीत बोलले. बायका वहाणा सांभाळत काहीतरी पुटपुटल्या. साळूबाईच्याही तोंडून शब्द फुटेना. पंडितांनी लिहिलं, 'स्त्रिया स्वभावतःच भित्र्या. त्यांना निर्णय घेता येत नाही.'

साळूबाईला स्वतःचाच भयंकर राग आला. काम जाणार, आणि तेही खोट्या कारणासाठी! नाही म्हणजे नाही, हे ती होऊ देणार नव्हती. त्याच दुपारी तिच्या लेकीच्या बाळाचं बारसं होतं. तिने पंडितांना आग्रहाने तिथे नेलं आणि पन्नास बायकांच्या गराड्यात पाळण्याशेजारी बसवलं.

"पंडितजी, बायकोचं नाव घ्या बघू," साळूबाई म्हणाली. "छान उखाणा होऊन जाऊ द्या!"

"अहो, मी... म्हणजे... हे आपलं..."

बायका खुदुखुदु हसू लागल्या. राजसभा गाजवणाऱ्या पंडितांना दरदरून घाम फुटला. दोन ओळी काही जुळेनात.

"मग लिहा की ग्रंथात," साळूबाई म्हणाली, "पुरुष स्वभावतःच मुखदुर्बळ!"

"असं कसं लिहीन? ही काय माझी बोलायची जागा आहे?" पंडित चिडून बोलून गेले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"चावडी तरी कुठं आमची आहे? उद्या पाटावर या, तिथं विचारा. चुकले तर पाटाच्या दाराची किल्ली मी स्वतः आणून देईन."

सकाळी पंडित चिखल तुडवत पाटावर गेले. शेजारशेजारची दोन शेतं दाखवून 'आज पाणी आधी कोणाला?' असा नवा प्रश्न काढला आणि कालच्या दहाही जणांना एकेकटं बाजूला घेऊन विचारला. साळूबाईने आधी दोन्ही शेतांच्या मातीत बोट खुपसलं. "याची ओल दोन दिवस टिकेल. पाणी त्याला," तिने ठणकावून सांगितलं. पंडितांनी दहाही उत्तरं लिहिली आणि नावं झाकून पुन्हा वाचली. बाईचं कोणतं, पुरुषाचं कोणतं, काही कळेना! मग दोन्ही शेतांची ओल स्वतः हाताने पाहिली. चुकलेल्यांत दोन पुरुष होते, एक बाई होती.

किल्ली साळूबाईच्या कमरेलाच राहिली.

पंडितांनी कालच्या पानावर वर लिहिलं, 'हे चावडीवर, सासऱ्या-दिरांसमोर विचारलं.' मग ग्रंथाची मागची पानं चाळली. शंभर गावं, आणि शंभरही ठिकाणी प्रश्न चावडीवरच विचारलेला! त्यांनी वहाणा हातात घेतल्या, धोतर वर खोचलं आणि पहिल्या गावाची वाट पुन्हा धरली.

तात्पर्य: बाई अशी नि पुरुष तसा, असं ठरवण्याआधी त्यांना कुठे आणि कोणासमोर विचारलं ते पाहा; पुष्कळदा उत्तर माणसाचं नसतं, त्या जागेचं असतं.