अंगठ्याआडचा आकडा

"कार्ड की प्रोसेसर, बुवा? एवढंच सांगा."

बुवांचे डोळे मिटलेले होते.

"ग्राफिक्स कार्ड मोठं घेतलं तर पॉवर सप्लाय कमी पडतो. प्रोसेसर बदलला तर मदरबोर्ड बदलावा लागतो, मदरबोर्ड बदलला की रॅम. माझ्या ऐपतीत एकच काहीतरी बसतं. सगळ्या तुलना वाचून झाल्यात माझ्या. माझं मन कार्डाकडं आहे, तुम्ही फक्त हो म्हणा."

"हं…"

बुवा म्हणजे मठातले बुवा नव्हेत. मिरजेत तळ्याकाठी त्यांचा सायबर कॅफे होता. गिऱ्हाईक मोबाइलवर गेलं, खुर्च्या विकल्या गेल्या, बुवा तेवढे उरले. सल्ला देण्याआधी डोळे मिटायची सवय, म्हणून पोरंच त्यांना बुवा म्हणू लागली. असा एखादा माणूस प्रत्येक गावात असावा, असं मला फार वाटतं.

निनादला मात्र सल्ला नको होता, शिक्का हवा होता. त्यासाठी त्यानं अख्खा कॉम्प्युटर स्कूटरवर पायांत धरून आणला होता.

"बिघडलंय काय?" बुवांनी विचारलं.

"गेम अडखळतो."

"कुठं?"

"जंगलात. झाडी दाट झाली की."

"दाखव."

निनादनं गेम सुरू केला.

पडद्यावर दरी उघडली. उतरत्या उन्हातलं धुकं होतं. खाली नदी होती, पण तिचा आवाजच तेवढा येत होता. बाहेर तळ्यावरही ऊन उतरलं होतं, आणि खोलीत नेमका कुठला उजेड कुठून येतोय ते कळेना.

पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा होता. सेकंदाला किती चित्रं उमटतात ते तो सांगत होता. निनाद दोन पावलं झाडीत शिरला. आकडा लाल झाला.

"बघा! पडला!"

"कोण पडलं?"

"आकडा, बुवा."

"अच्छा… मला वाटलं, तो पडला." बुवांनी बोट दाखवलं.

दूर, झाडीच्या पलीकडं, शेकोटी पेटलेली होती. तिच्याजवळ एक माणूस बसला होता.

"तो होय? तो सर्फराज. माझा दोस्त. कॉलेजपासून आम्ही दोघं मिळून खेळतो. आता मस्कतला असतो. संध्याकाळी येऊन बसतो तिथं."

"कशाला?"

"त्या डोंगरापलीकडं जायचंय आम्हाला. मीच म्हटलं, माझं मशीन नीट होऊ दे, मग जाऊ."

"कधी म्हटलंस?"



तेवढ्यात स्पीकरमधून सर्फराजचा आवाज आला. "निन्या, आलास का रे? ऐक ना, उद्या आम्हाला वाळवंटातल्या कॅम्पवर हलवतायत. तिथं नेट नाही. मशीन इथल्याच एकाला देऊन टाकतोय. आज जायचं का?"

निनादचा चेहरा उतरला. तरी त्यानं आधी कोपऱ्यात पाहिलं.

"आज?… अरे, आज कसं? वाटेत सगळं जंगलच आहे. आकडा बघ माझा! चार दिवस थांब, मी कार्ड…"

बुवा उठले. पडद्याजवळ गेले आणि आपला अंगठा त्यांनी आकड्यावर ठेवला.

"बुवा, दिसत नाही मला."

बुवा तसेच उभे राहिले.

"बुवा…"

"चाल."

निनाद चालू लागला. आधी त्याची मान सारखी कोपऱ्याकडं वळायची. तिथं बुवांचं जाडजूड नख होतं. मग झाडांनी त्याला घेरलं. पानांवरून पाणी ठिबकत होतं. एक पांढरा पक्षी खांद्याजवळून गेला, आणि निनाद चक्क बाजूला झाला. या वाटेनं तो शंभरदा आला असेल, पण असा पक्षी इथं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"अडखळलं का?" बुवांनी विचारलं.

"… लक्षच नव्हतं."

शेकोटीजवळचा माणूस उठून उभा राहिला. दोघं डोंगराच्या वाटेला लागले. निनाद पुढं, सर्फराज मागं. धुकं विरळ होत गेलं. निनादला इतकं बरं वाटत होतं की तो गुणगुणू लागला.

थोड्या वेळानं त्यानं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

खूप खाली, झाडांच्या बुंध्यांतून, सर्फराज येत होता. येत कसला होता? जागच्या जागी गोठायचा, मग एकदम चार पावलं पुढं दिसायचा, पुन्हा गोठायचा. झाडावर आपटायचा, मागं सरायचा, पुन्हा निघायचा.

"सर्फ्या, काय झालं रे तुझ्या मशीनला?"

"काही नाही. असंच आहे ते. कॉलेजातलंच आहे की! तू चल, मी येतो."

"असंच? कधीपासून?"

"पहिल्यापासून रे."

"मग बोलला नाहीस कधी?"



"तुझं होऊ दे म्हटलं आधी. अडखळलं की तुला फार लागतं."

निनादचा हात माऊसवर थांबला. एवढी गोठणारी, आपटणारी वाट तुडवून हा रोज शेकोटीपर्यंत यायचा. आपण आलो का ते बघायचा, आणि परत जायचा. निनादच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

डोंगरमाथा अगदी समोर होता. पलीकडचं आभाळ दिसू लागलं होतं.

"बुवा," तो हळूच म्हणाला, "आता मी काय करू?"

बुवांनी डोळे मिटले. अंगठा मात्र काढला नाही.

"हळू चाल."