छबी कुणाची

त्या राज्यात वस्तू बघायला वस्तूपाशी कुणी जात नसे. मधोमध एक तळं होतं. कारागिरानं आपली वस्तू एकदा पाण्यावर धरली की तिची छबी पाण्यात राहून जाई. गिऱ्हाईक काठावर बसून छबी बघे, पसंत करी, निरोप धाडी. वस्तू घरपोच येई. पायपीट करायची हौस आहे कुणाला?

कुंभारीण माशी मातीची घरं बांधून विकायची. माती मळून तिचे पाय झिजले होते, पण तिच्या भिंतीला कधी चीर गेली नाही. छबी धरायलाही ती जिवापाड मेहनत घेई. कोवळं ऊन पडेपर्यंत थांबे, वारा असला तर घर पाठीवर घेऊन तशीच परत जाई.

एकाएकी तिची गिऱ्हाइकं आटली. ती तळ्यावर गेली, तर पलीकडच्या काठाला तिचीच घरं. तोच उंबरा, तीच सावली; खाली नाव मात्र सरड्याचं. त्यानं तिच्या छब्या कमळाच्या पानावर अलगद उचलून नेल्या होत्या. विकत होता ती घरं राखेची, वरून मातीचा हात फिरवलेली.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सरडा म्हणाला, पाण्यातलं ते सगळ्यांचं. तळं राखणाऱ्या कासवानं तर मानच आत घेतली आणि आतून सांगितलं, की आपण फक्त पाणी सांभाळतो, पाण्यात काय पडतं ते आपल्याला विचारू नये. तिनं फारच पिच्छा पुरवला तेव्हा त्यानं एक छबी पुसली. दुसऱ्या दिवशी तीच छबी शेजारच्या डबक्यात हजर.

मग मात्र ती हट्टालाच पेटली. घरं बांधणं राहिलं बाजूला. काठाकाठानं फिरून ती भेटेल त्याला सांगे, हा उंबरा माझा, ही रेघ माझी, ही छबी माझी. बेडूक कंटाळले, बगळे हसले, पण हळूहळू साऱ्या राज्याला ते पटलं. शेवटी कासवानं निवाड्याचा दिवस ठरवला. गेलेलं नाव आता परत मिळणार, या आनंदात तिला झोप येईना.

निवाड्याला तिच्याआधी एक मुंगी पुढे आली. तिनं ओल्या राखेचा गोळा कासवापुढे ठेवला. आदल्या दिवशीच्या सरीत तिचं घर विरघळलं होतं, आणि आत तिची अंडी होती. घर कुणी धाडलं ते तिला ठाऊक नव्हतं. छबीखालचं नाव तिनं वाचलंच नव्हतं. आज तर ते कुणीतरी रातोरात पुसून टाकलं होतं. तिला फक्त तो उंबरा आठवत होता.

"ही छबी कुणाची?" तिनं विचारलं.

सरडा नम्रपणे मान हलवत म्हणाला, "कुंभारीणताईंची. त्या कधीच्या सांगताहेत. मीच मेला कबूल करत नव्हतो."

सगळ्यांच्या माना कुंभारणीकडे वळल्या.

"छबी माझी आहे," ती म्हणाली. "घर माझं नाही."

असलं बोलणं त्या राज्यात कुणी कधी ऐकलं नव्हतं. मुंगीनं तो गोळा पुन्हा उचलला, आणि कुंभारणीच्या पायांशी आणून ठेवला.