मायावी दारांचे कोन

एका राज्यात मोजल्यावाचून पान हलत नसे. पोळीचा तुकडा तोडला तरी राजपंडित त्याला कोनमापक लावत. त्या राज्यावर रुसलेल्या कालदंष्ट्र मांत्रिकाने युवराज सुकेतूला पाषाण करून गुहेत तीन दारांआड ठेवले. प्रत्येक दारावर आकृती. कोन अचूक सांगावा, दार उघडेल. चुकाल तर पाषाण व्हाल.

पंडित आले, मोजू लागले, पाषाण झाले. अखेर युवराजाची थोरली बहीण कनकलेखा वृद्ध प्रधानांना घेऊन निघाली.

पहिल्या दारावर बसलेली एक साळुंकी ओरडली, “आकृत्या मुद्दाम वाकड्या काढल्यात! मोजू नका! सांगून घसा बसला माझा!”

पहिल्या दारावर एका सरळ रेषेवर शेजारी दोन कोन. मोठा लहानाच्या दुप्पट. दार म्हणाले, “लहान सांग.”

“लहानाला क्ष म्हणू,” कनकलेखा म्हणाली.

प्रधान दचकले. “राजकन्ये, आपल्याकडे जन्माआधी बारसं करत नाहीत!”

“जन्मलाय तो, प्रधानजी! तुम्हाला दिसत नाही एवढंच! क्ष आणि दोन क्ष मिळून एकशे ऐंशी. क्ष साठ.”

दार उघडले.

दुसऱ्यावर त्रिकोण. एक कोन क्ष, दुसरा त्याहून वीस अंशांनी मोठा, तिसरा चाळीसने. “सर्वांत लहान सांग.”

प्रधानांचा हात कोनमापकाकडे गेला. तिने कोनमापकच हिसकावून गुहेबाहेरच्या दरीत भिरकावला. “तिन्हींची बेरीज एकशे ऐंशी. तीन क्ष अधिक साठ. क्ष चाळीस!”

तेही उघडले.

तिसऱ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा. समोरासमोरचे कोन: तीन क्ष अधिक दहा आणि पाच क्ष उणे तीस. “त्यांतला एक सांग.”

“विरुद्ध कोन सारखेच असतात,” ती पुटपुटली. “म्हणजे दोन क्ष बरोबर चाळीस. क्ष वीस.”

“वी...” प्रधान आनंदाने दाराकडे वळून ओरडू लागले आणि त्यांच्या पायांची बोटे दगडी झाली. तिने झडप घालून त्यांचे तोंड दाबले.

“वीस हा क्ष आहे! दाराने कोन विचारलाय, कोन! तीन विसे साठ, वर दहा, सत्तर. पाच विसे शंभर, उणे तीस, सत्तर. पटलं?” प्रधानांनी मुकाट मान हलवली. ती दाराला म्हणाली, “सत्तर!”

दार कोसळले. त्याआड दबा धरून बसलेला कालदंष्ट्र धुरासारखा विरला. पाषाण झालेले पंडित शिंकत उठले, प्रधानांची बोटे वळवळली, आणि सुकेतूने डोळे उघडले.

“ताई, मी आतून किती ओरडलो, मोजू नका म्हणून! पण दगडाचं कोण ऐकतं?”

“जिवंत माणसाचंही कुणी ऐकत नाही, बाळा,” कनकलेखा म्हणाली, आणि त्याचा ऊबदार हात धरून उजेडाकडे चालू लागली.